२ मार्चचा कार्यक्रम आणि मागच्या वर्षीची भांडी

गोदातीर

नमस्कार. मी नाशिकमधल्या एका छोट्या उपासना मंडळीची सभासद आहे आणि गेली सहा वर्षे तिचे इतिवृत्त लिहिते. मंडळी एकेश्वरी आहे. मूर्ती नाही, पुरोहित नाही, आणि दाराशी कोणाला जात किंवा धर्म विचारला जात नाही. रविवारी सकाळी चाळीस-पन्नास माणसे जमतात. एखादा अभंग होतो, उपनिषदातले, बायबलमधले किंवा धम्मपदातले एखादे वचन वाचले जाते, थोडे चिंतन, दहा मिनिटे मौन आणि मग चहा. गंगापूर रोडच्या बाजूला आमचे स्वतःचे लहानसे उपासनागृह आहे. वर्षातून तीन सामाजिक कार्यक्रम ठरलेले असतात : ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, २ मार्चला काळाराम मंदिर सत्याग्रहाचे (१९३० साली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी झालेल्या) स्मरण आणि १३ ऑक्टोबरला येवल्याच्या घोषणेचे स्मरण.

मागच्या वर्षी २ मार्चला आम्ही सफाईचे काम करणाऱ्या अकरा महिलांचा सत्कार केला. वेळ सकाळी अकराची होती. व्यासपीठावर अकरा खुर्च्या, शाल, श्रीफळ, तुळशीचे रोप, सत्याग्रहाच्या इतिहासावर तासाभराचे व्याख्यान आणि नंतर सहभोजन : मटकीची उसळ, भाकरी, ठेचा, जिलबी. सगळे उत्तम पार पडले, असे मीच वहीत लिहिले. लिहून झाल्यावर वही कपाटात ठेवायला मागच्या बाजूला गेले, तर सत्कार झालेल्यांपैकी एक मावशी पदर खोचून मोरीवर उसळीचे पातेले घासत बसल्या होत्या. शाल घडी करून खिडकीच्या गजाला अडकवलेली होती आणि तुळशीचे रोप कट्ट्यावर, राखेच्या डब्याशेजारी होते. मी म्हटले, "मावशी, हे काय? तुम्ही पाहुण्या आहात." त्यांनी हात न थांबवता सांगितले, "जेवण झालं ताई, आता पाहुणी कसली? पोरगी एकटीच घासत होती." ती पोरगी म्हणजे आचाऱ्याने रोजावर आणलेली मुलगी. आमच्या पन्नास सभासदांपैकी त्या मोरीकडे तोवर कोणी फिरकले नव्हते. मीही वही ठेवायची म्हणून गेले होते.

पुढे आणखी एक गोष्ट कळली. अकराच्या कार्यक्रमासाठी अकराही जणींचा त्या दिवशी खाडा पडला. त्या ठेकेदाराकडे आहेत, आणि तिथे खाडा म्हणजे त्या दिवसाचे पैसे नाहीत. वर्षअखेरीस हिशेब तपासताना लक्षात आले की आम्ही दिलेली शाल त्या बुडालेल्या रोजापेक्षा स्वस्त होती.

आता पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची बैठक आहे. काहींचे म्हणणे असे की एका प्रसंगावरून चांगली परंपरा मोडू नये. काहींचे म्हणणे असे की आपण उपासनेपुरते राहावे, समाजकार्य त्यातल्या जाणत्यांवर सोडावे. मला दोन्ही पटत नाही, पण मग काय करावे हेही नीट सुचत नाही. येथे अनेक क्षेत्रांतली माणसे आहेत, म्हणून विचारते आहे.

वाचनालयवाला

ताई, आपण भांड्यांपासून सुरुवात केलीत हे बरे केले, कारण उदारमतवादी मंडळींचा मराठी मुलखातला सगळा इतिहास जेवणाच्या ताटाभोवतीच फिरतो. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायचा म्हणून तिचे सभासद एकत्र बसून पाव खात असत, आणि तो ख्रिस्ती पाववाल्याच्या हातचा असल्यामुळे तो खाणे त्या काळी धर्म बुडवण्यासारखे मानले जाई. पण हे सगळे बंद दाराआड चाले. १८६० मध्ये सभासदांची यादी बाहेर फुटली आणि नावे उघड होताच सभा मोडली. त्याच मंडळींतल्या काहींनी पुढे, ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन मुंबईला येऊन गेल्यानंतर, डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने ३१ मार्च १८६७ रोजी प्रार्थना समाज स्थापन केला. मग रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यात आले. (रानडे यांचा जन्म १८४२ सालचा, आपल्या निफाडचा, हे सांगितल्याशिवाय नाशिककराला राहवत नाही.)

प्रार्थना समाजाने उघडपणे काम केले : कामगारांसाठी रात्रशाळा, 'सुबोधपत्रिका' हे साप्ताहिक, पंढरपूरच्या बालकाश्रमाला आधार. मात्र सभासद होण्यासाठी जात सोडावी अशी अट त्याने घातली नाही. समाजात सर्वांचा पिता एक आणि घरी पंगती वेगळ्या, अशी सोय त्यात राहिली. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधल्या चहावरून ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उठले, आणि शेवटी खुद्द रानडे यांनी प्रायश्चित्त घेतले. त्यांच्यावर घरच्यांचा आणि मित्रांचा किती दाब होता हे वाचल्यावर त्यांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. तरी कपभर चहा इतक्या मोठ्या माणसाला जड गेला, हे खरेच आहे.

या परंपरेतून खऱ्या अर्थाने बाहेर पाऊल टाकले ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी. युनिटेरियन या एकेश्वरी, उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या शिष्यवृत्तीवर ते १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा तौलनिक अभ्यास करायला गेले आणि १९०३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर निबंध वाचून परतले. इतके शिकून आलेल्या माणसाने व्याख्याने देत आयुष्य काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी परळला अस्पृश्य मुलांची शाळा उघडली, भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापन केली आणि बहीण जनाक्का यांच्यासह सगळे कुटुंब त्या कामात उतरवले. १९१० मध्ये ते प्रार्थना समाजाच्या प्रचारकपदावरून बाजूला झाले. आपल्या बैठकीत मी असतो तर एवढेच विचारले असते की आपला कार्यक्रम परमहंस सभेच्या पावाजवळचा आहे की परळच्या शाळेजवळचा.

जाता जाता : १९३० सालचा २ मार्च हा रविवार होता. त्यामुळे स्मरण रविवारच्या उपासनेला जोडले तर ते इतिहासाला सोडून होणार नाही.

येवलेकर

वाचनालयवाला सरांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यात एक बाजू राहिली. हे सगळे दार उघडणाऱ्यांच्या बाजूने सांगितले आहे. २ मार्चला नाशिकमध्ये जे जमले ते दाराच्या दुसऱ्या बाजूला उभे होते.

त्या दिवशी दुपारी सुमारे मैलभर लांबीची मिरवणूक मंदिराकडे निघाली. दरवाजे बंद होते. मिरवणूक शिस्तीने गोदावरीच्या घाटाकडे वळली, तिथे सभा झाली, आणि दुसऱ्या दिवशी, ३ मार्चला, १२५ पुरुष आणि २५ स्त्रियांची पहिली तुकडी मंदिराच्या चार दरवाज्यांवर जाऊन बसली. त्या २५ जणींना कोणी शाल दिली नव्हती. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वादातून दगडफेक झाली, आणि त्यानंतर गावोगावच्या आपल्या लोकांना वाण्याने सामान देणे बंद केले, रस्ते बंद झाले, मुलांच्या शाळा सुटल्या. शहरातल्या सत्याग्रहाची किंमत खेड्यातल्या माणसाने मोजली, आणि ती मोजत असताना कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी तो पाच वर्षे तगवून धरला. दादासाहेब दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे.

आणखी एक गोष्ट अशा स्मरणसभांत हमखास गाळली जाते. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून स्पष्ट केले की आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा सत्याग्रह नव्हता. लोकांत चेतना यावी आणि त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून तो होता. पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, आमच्या येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. म्हणजे नाशिकच्या दाराचा प्रश्न येवल्यात येऊन निकाली निघाला, दार न उघडताच. आणि दादासाहेब पुढे कुठे गेले? १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये ते भूमिहीनांचा सत्याग्रह घेऊन उभे राहिले. तुम्ही सत्कार करता तेव्हा हा सगळा प्रवास व्यासपीठाच्या पायरीशी थांबतो.

ताई, आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, म्हणून मीही तसेच विचारतो. त्या अकरा जणींपैकी किती जणी पुढच्या रविवारी उपासनेला आल्या? आपण त्यांना या म्हटले होते का?

गोदातीर

येवलेकर दादा, एकही आली नाही. आणि नाही, आम्ही तसे म्हटले नव्हते. कार्यक्रमाच्या पत्रिकेवर 'सर्वांचे स्वागत' असे छापलेले असते, तेवढ्यावर आमचे समाधान होते.

पातेले_आणि_पळी

मी पंचवटीत जेवणावळीची कामे घेते, त्यामुळे माझे म्हणणे स्वयंपाकघरापुरते आहे. सहभोजन म्हणताना लोक फक्त शेजारी बसून खाण्याचा विचार करतात. जेवणाची चार कामे असतात : रांधणे, वाढणे, खाणे आणि आवरणे. यांतले फक्त तिसरे काम एकत्र केले, तर बाकीची तीन ज्यांच्या वाट्याला जातात त्यांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. मी सगळ्या विचारांच्या मंडळींची जेवणे केली आहेत. भाषणात समता असते आणि मोरीवर माझ्या बायका असतात. तक्रार नाही, तो माझा धंदा आहे. पण त्याला सहभोजन म्हणू नका, जेवण म्हणा.

करून पाहायचे असेल तर शंभर माणसांचा साधा बेत सांगते. साडेसात-आठ किलो मटकी दोन दिवस आधी भिजवायची आणि दुसऱ्या दिवशी उपसून मोड आणायला बांधून ठेवायची. भाकऱ्या मात्र सभासदांनी आपापल्या घरून आणाव्यात, प्रत्येकाने दहा. ज्यांना थापता येत नाहीत त्यांनी कांदे चिरावेत. वाढायला पुरुष सभासद उभे करावेत, आणि आवरायची पाळी आधी कागदावर लिहून भिंतीला लावावी, त्यात अध्यक्षांचे नाव पहिले. कागद लावला नाही तर काय होते ते मी सांगत बसत नाही. सगळे पुरुष नेमके त्याच वेळी खुर्च्या उचलायला जातात.

एकांतप्रिय

मला थोडे विरोधी बोलायचे आहे. उपासनेला येणारा माणूस बहुधा थकलेला असतो. कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाला एकटेपण असते. त्या एका तासात त्याला शांतता हवी असते. तिथेही मोर्चे, हक्क आणि पाळ्यांचे कागद आले, तर उपासना मंडळी आणि एखादी संघटना यांत फरक काय उरला? समाजकार्य करणाऱ्या संस्था नाशिकमध्ये कमी नाहीत. प्रार्थना करणारी, तीही कोणाला न विचारता, किती आहेत?

गोदातीर

एकांतप्रिय, आपला मुद्दा मी हलका मानत नाही. मी स्वतः वडील गेल्यानंतरच्या वर्षात त्या दहा मिनिटांच्या मौनासाठीच जात होते. पण त्या दिवसापासून मौनात बसले की मला मोरीवरचा घासणीचा आवाज ऐकू येतो. शांतता हवी म्हणून तो आवाज कसा बंद करायचा, हे मला कळत नाही.

दूरदेशी

मी मूळची नाशिकच्या सिडकोतली, आता बरीच वर्षे अमेरिकेत आहे आणि तिथल्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळीत जाते. वर महर्षी शिंदे यांच्या निमित्ताने युनिटेरियन लोकांचा उल्लेख आला, म्हणून लिहिते. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे दोन जुने पंथ १९६१ मध्ये एकत्र आले. कोणत्याही एका मतावर श्रद्धा ठेवण्याची अट नाही. माझ्या शेजारी ज्यू घरातली बाई बसते, मागे एक निरीश्वरवादी आजोबा बसतात. सुरुवातीला पात्रातली ज्योत पेटवतात आणि शेवटी कॉफी असते. ताईंनी चहाचे लिहिले तेव्हा हसू आले, कारण आमच्याकडेही मंडळीचा खरा कारभार कॉफीच्या टेबलाशीच होतो.

दोन गोष्टी उपयोगी पडतील. पहिली म्हणजे निधीची. अनेक मंडळींमध्ये उपासनेच्या वेळी ताटात जमणारी रक्कम, पूर्ण किंवा अर्धी, बाहेरच्या एखाद्या संस्थेला देतात आणि त्या संस्थेचे माणूस येऊन पाच मिनिटे आपले काम सांगते. सत्कार नाही, आभार नाही. पैसे आणि पाच मिनिटे. माझ्या मंडळीत हे महिन्यातून एकदा होते, आणि त्यामुळे वर्षातून एकदाच येणारा उमाळा राहत नाही.

दुसरी गोष्ट कमी अभिमानाची आहे. १९६५ मध्ये सेल्मा येथे काळ्या नागरिकांच्या मतदानाच्या हक्कासाठी हाक आली, तेव्हा आमचे अनेक धर्मोपदेशक तिथे गेले. त्यांतल्या जेम्स रीब यांच्यावर ९ मार्चला हल्ला झाला आणि ११ मार्चला त्यांचा मृत्यू झाला. हा प्रसंग दरवर्षी आठवला जातो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६८ मध्ये, पंथातल्याच काळ्या सभासदांनी आपल्या मंडळासाठी चार वर्षांत दहा लाख डॉलर मागितले, आणि ते कसे खर्च करायचे हे आम्हीच ठरवू असे सांगितले. सर्वसाधारण सभेने ठराव मंजूर केला. पुढे पैशाची अडचण सांगून हप्ते लांबवले गेले, आणि त्या मंडळाने संबंध तोडले. दुसऱ्याच्या गावात जाऊन जीव देणारे लोक आमच्यात निघाले. आपल्या घरातली तिजोरीची किल्ली दुसऱ्याच्या हातात देताना मात्र हात आखडला. या दुसऱ्या प्रसंगाची आठवण आमच्याकडे फार उशिरा निघू लागली.

शरणपूर_रोड

मी ख्रिस्ती आहे आणि शरणपूर भागात वाढलो. नाशिकमधला या प्रकारचा एक जुना प्रयोग फारसा कोणाला ठाऊक नसतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवले. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईला आणली जात, आणि त्यांतली बरीच इथे ठेवून शिकवली गेली, सुतारकाम आणि लोहारकामासह. प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर आफ्रिकेत गेलेल्यांत या शाळेतले तरुण होते. त्यांचा मृतदेह इंग्लंडला पोहोचवणारा जेकब वेनराइट इथलाच विद्यार्थी. पुढे १८७० च्या दशकात येथील बऱ्याच जणांना मोंबासाजवळच्या फ्रेअर टाऊन वसाहतीत नेण्यात आले. आज शरणपूर रोडवर सिग्नलला थांबणाऱ्या माणसाला 'शरण' हा शब्द कोणासाठी होता हे माहीत नसते.

या प्रयोगात दया होती आणि शिस्तही होती, पण ती मुले कुठे राहतील, काय शिकतील आणि पुन्हा कुठे जातील हे दुसरेच ठरवत होते. आमच्या चर्चच्या कमिटीवर मी नऊ वर्षे होतो. नाताळला वस्तीत ब्लँकेट वाटायचे, हा दरवर्षीचा विषय. एका वर्षी कोणीतरी वस्तीत जाऊन आधी विचारले, तर उत्तर आले की ब्लँकेटे चार-चार आहेत, पोरांच्या जातीच्या दाखल्यासाठी कोणी तहसीलला बरोबर येईल का. आमच्यात एक निवृत्त अव्वल कारकून होते. ते त्या हिवाळ्यात किती खेपा घालून आले त्याची मोजदाद नाही. फोटो मात्र एकही निघाला नाही, त्यामुळे वार्षिक अहवालात ते काम दोन ओळींत गेले.

वकिली_शाई

थोडक्यात लिहितो. आपल्याकडे सभागृह आहे, हे मोठे भांडवल आहे. २०१३ मध्ये नाशिकमध्येच आंतरजातीय विवाह केलेल्या गरोदर मुलीचा वडिलांनी खून केला, आणि त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाल्यावर जातपंचायतींविरुद्धची मोहीम उभी राहिली. तिचा शेवट २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात झाला. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा आहे, पण तक्रार करायला येणारा माणूस पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जात नाही, तो कोणाच्या तरी ओट्यावर येऊन बसतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणाऱ्यांना नोटिशीनंतरचे तीस दिवस काढायचे असतात, आणि ते तीस दिवस फार वाईट असतात. महिन्यातला एक शनिवार दोन वकील आणि एक समुपदेशक तुमच्या सभागृहात बसू शकतील. मी येईन. फलक लावू नका, चहा ठेवा.

छाटणी

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. वरच्या चर्चेत शहरच दिसते आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते, आणि त्या दोन्ही वेळी पेठ, सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे टोळ्यांनी येतात. एकराच्या उक्त्या भावाने काम असते. बागेच्या कडेला पत्र्याच्या खोलीत किंवा ताडपत्रीखाली राहणे, आणि पोरे बरोबर. माझ्या बागेतही हेच होते. मी स्वतःला वगळून बोलत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून मुंबईकडे जो शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, त्यात हेच लोक वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी चालत होते, आणि मुंबईत दहावीच्या परीक्षा आहेत म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्री चालून काढला. दुसऱ्यांच्या पोरांच्या परीक्षेची काळजी त्यांनी घेतली. त्यांची स्वतःची पोरे छाटणीच्या दिवसांत कोणत्या शाळेत असतात, हे आम्ही बागायतदारांनी कधी विचारले नाही.

तुमच्या मंडळीला वर्षातून एक दिवस कार्यक्रम करायचा असेल तर करा. पण वर्षातून पंधरा दिवस, ऑक्टोबरमध्ये, रोज दोन तास पोरांना शिकवायला कोणी यायला तयार असेल तर माझ्या पॅकिंग शेडमधली जागा, पाणी आणि वीज माझी.

गोदातीर

सर्वांचे मनापासून आभार. बैठकीच्या आधी मी दोन गोष्टी केल्या, त्यांचा वृत्तान्त देते.

पहिली म्हणजे येवलेकर दादांच्या प्रश्नावरून मी त्या मावशींना भेटायला गेले. सकाळी सहाला हजेरी असते, म्हणून साडेसहाला रस्त्यावरच गाठले. त्यांच्याबरोबर आणखी चौघी होत्या. २ मार्चला काय करावे असे मी विचारले, तेव्हा त्यांनी एकमेकींकडे पाहिले, आणि मग एकीने विचारले, "खरं सांगायचं का?" खरे असे होते की सत्कार त्यांना नकोसा वाटला, कारण मुकादमाने तो फोटो पाहून आठवडाभर टोमणे मारले. जेवण आवडले. व्याख्यानातले बाबासाहेबांचे भाग आवडले, पण व्याख्यात्यांनी २५ स्त्रियांचा उल्लेख केला नाही. तो त्यांच्यातल्या एकीने तिच्या आजीकडून ऐकलेला होता. आणि मग मावशींनी जे सांगितले ते आमच्या कार्यकारिणीतल्या कोणाच्याही डोक्यात आले नसते. त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा हॉल सकाळी बंद असतो. आम्हाला सहा ते दहा या रस्त्यावर बाथरूम नाही. पाळीच्या दिवसांत तर घरी जाईपर्यंत तसंच राहावं लागतं. तुमचं ते मागचं बाथरूम उघडं राहील का?"

आमच्या उपासनागृहाचे स्वच्छतागृह आठवड्यातून एक दिवस, रविवारी दोन तास वापरले जाते. ते ज्या रस्त्यावर आहे तो रस्ता त्या रोज झाडतात.

दुसरी गोष्ट म्हणजे बैठक. ती पावणेतीन तास चालली. एरवी आम्ही चाळीस मिनिटांत आटोपतो. स्वच्छतागृहाच्या विषयाला पावणेदोन तास लागले. चोरी झाली तर काय, पाण्याचे बिल किती वाढेल, वॉचमनकाकांची जबाबदारी किती, शेजारच्या सोसायटीने हरकत घेतली तर काय, असे सगळे प्रश्न निघाले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की हा स्वच्छतागृहाचा प्रश्न आहे, उपासनेचा नाही. त्यावर आमच्या अध्यक्षांनी, जे सहसा कमी बोलतात, एवढेच विचारले की काळारामाच्या दरवाज्यांवर बसलेल्यांना तेव्हा असेच काहीतरी सांगितले गेले असेल का. त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. मत घेतले तेव्हा नऊपैकी सहा जण बाजूने होते. एकांतप्रिय, विरोधी मत देणाऱ्या तिघांपैकी एकांनी नेमका तुमचाच मुद्दा मांडला, आणि रविवारचा तास जसा आहे तसाच राहील हे त्यांच्या सांगण्यावरून इतिवृत्तात लिहिले आहे.

बाकी ठरले ते असे. २ मार्चच्या जवळच्या रविवारी दुपारी चारला, म्हणजे कोणाचा खाडा न पडता, कार्यक्रम होईल. व्यासपीठ नसेल, गोल बैठक असेल. त्या २५ जणींबद्दल जे ऐकलेले आहे ते ती आजीची नात सांगणार आहे, तिने हो म्हटले आहे. भाकऱ्या घरून येतील आणि पाळ्यांचा कागद मी स्वतः लिहिला आहे, अध्यक्षांचे नाव पहिले. महिन्यातला तिसरा शनिवार वकिली_शाई यांच्यासाठी राखला आहे. महिन्यातून एका रविवारचा निधी बाहेर देण्याचा विषय खजिनदारांनी पुढच्या बैठकीवर ढकलला आहे. दूरदेशी, तुमच्या दहा लाख डॉलरांची आठवण मला तेव्हाच झाली. छाटणी दादा, ऑक्टोबरसाठी चार नावे आली आहेत, त्यांतले दोघे निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना तुमच्या शेडपर्यंत आणण्या-नेण्याचे बघावे लागेल.

येवलेकर

तीन विरोधी मते पडली हे लिहिलेत, ते बरे वाटले. येवल्याहून आम्ही पाच जण येऊ. व्यासपीठ नाही म्हणजे हारतुरेही नाहीत असे समजतो.

गोदातीर

हारतुरे नाहीत. स्वच्छतागृहाची कडी बदलून घेतली आहे आणि किल्ल्या दोन केल्या आहेत. एक वॉचमनकाकांकडे असेल, दुसरी काल मावशींकडे दिली.

पातेले_आणि_पळी

आत बादली, साबण आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा ठेवा. आणि साबण संपला की कोण आणणार, हे भिंतीवरच्या त्याच कागदावर आजच लिहून टाका.